गोळीच्या आधीचं अक्षर

१४ सप्टेंबर

माल पास, अक्षर नापास. दुकानाच्या बाईंनी आज माझी कापडी भुतं, भोपळ्याच्या आकाराच्या मेणबत्त्या आणि वटवाघळांचे साबण ठेवून घेतले, आणि त्यांना लावलेल्या चिठ्ठ्या तेवढ्या सोडवून माझ्या हातात दिल्या. शाळेतही माझं असंच व्हायचं. उत्तर बरोबर, अक्षरासाठी गुण कापलेले.

बाई वाईट नाहीत. त्यांचं भेटवस्तूंचं मोठं दुकान आहे आणि दरवर्षी हॅलोविनला त्या दुकानामागच्या अंगणात हाताने केलेल्या वस्तूंचा बाजार भरवतात. यंदा त्यात एक टेबल मला दिलंय. माल लोकांना आवडला, तर दुकानातली एक फळी वर्षभर माझी. नोकरी गेल्यापासून घरात बसून मी जे शिवतेय नि ओततेय त्याला छंद म्हणायचं की धंदा, हे त्या फळीवर ठरणार आहे.

‘भूत इतकं गोड,’ बाई म्हणाल्या, ‘आणि गळ्यातली चिठ्ठी बँकेतून आल्यासारखी. अहो, “मी चावत नाही” हे कुणीतरी हाताने लिहिलंय असं वाटू दे की. गमतीशीर. थोडं घाबरलेलं.’

घाबरलेलं अक्षर कुठे मिळतं, हे विचारायचं राहिलं.

१७ सप्टेंबर

कॉम्प्युटरवर फॉन्ट बघून बघून डोळे फुटायची वेळ आली. एकात प्रत्येक अक्षरातून रक्त ठिबकतंय; साबणावर लावलं की खाटकाच्या दुकानाची पाटी. दुसऱ्यात प्रत्येक वेलांटीला कोळी लोंबतोय, आणि एवढ्याशा चिठ्ठीवर तो कोळी माशीने घाण केल्यासारखा दिसतो. तिसरं इतकं गुबगुबीत की बिस्किटाच्या पुड्यावर शोभावं. एक मात्र मनात भरलं होतं, हाताने लिहिल्यासारखं. पण नीट पाहिलं तर त्यातले सगळे ‘म’ एकाच बाजूला, एकाच मापाने वाकडे. खरा माणूस दोन ‘म’ सारखे काढत नाही. ढोंग लगेच कळतं.

नवरोबा मागे येऊन उभे राहिले. ‘एवढी शोधतेस कशाला? स्वतःचंच अक्षर वापर. त्याहून भीतीदायक बाजारात मिळायचं नाही.’

उचलली जीभ लावली टाळ्याला.

१८ सप्टेंबर

तरी म्हटलं, बघू. जाड पेन घेऊन ‘मी चावत नाही’ पानभर लिहिलं. छे. माझं अक्षर भुताचं वाटत नाही. उशीर झालाय म्हणून चपला शोधणाऱ्या बाईचं वाटतं.

ताई समोर बसून बघत होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लहान मुलांना शिकवण्यात तिचा जन्म गेला. तिने फळ्यावर ओढलेली शिरोरेषा लोक पट्टी लावून तपासायचे, आणि पट्टी चुकायची. पाहुणे आले की आई आधी तिची वही दाखवायची कौतुकाला, मग माझी दाखवायची हसायला. ‘हिचे मोती आणि हिचे कोंबडीचे पाय.’ आता ताईला कंपवात आहे. गेल्या वर्षी तिचं एकटीने राहणं अवघड झालं, तेव्हापासून ती आमच्याकडे आहे.

माझं पान बघून ती म्हणाली, ‘चिमे, रेघ आधी मनात ओढायची. मग कागदावर.’

या वयात! मला असा राग आला. मनात म्हटलं, आधी स्वतःचा हात बघ. लगेच जीभ चावली, पण मनात आलं ते आलंच.

२२ सप्टेंबर

मिळालं!

ताईला व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. ती तिच्याकडून रोज मोठी मोठी अक्षरं लिहून घेते, कारण या दुखण्यात अक्षर मुंगीएवढं होत जातं. ते कागद रद्दीत जातात. आज रद्दी बांधताना त्यातला एक वर आला. शिरोरेषा कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी मधेच झोळ पडलेली. ‘भ’ला हुडहुडी भरलेली. ‘ळ’ तर स्वतःच्याच पोटात डोकं खुपसून बसलेला. मी मोठ्याने हसले. मग मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

त्यातली अक्षरं जुळवून एक चिठ्ठी केली, फोटो काढला, बाईंना पाठवला. लगेच उत्तर. ‘हेच! हेच! कुठे सापडलं?’

मी लिहिलं, ‘घरीच केलंय.’ खोटं नाही म्हणा. खरंही नाही.

२५ सप्टेंबर

आपल्या हस्ताक्षराचा फॉन्ट करून देणारं एक ॲप असतं. चौकटी छापलेला कागद घ्यायचा, एकेका चौकटीत एकेक अक्षर लिहायचं, फोटो काढून त्याला द्यायचा. दोन ‘म’ सारखे दिसायला नकोत, म्हणून मला प्रत्येक अक्षर वेगवेगळ्या तऱ्हेने हवं. रद्दीतल्या कागदांनी भागेना. मग ताईला म्हटलं, व्यायामाचा नवा कागद आलाय, चौकटीत लिहायचंय.

‘बरं झालं,’ ताई म्हणाली. ‘चौकटीत अक्षर पळत नाही.’

लिहायला बसली, आणि काय सांगू, चांगलं आलं! सकाळची गोळी लागू झालेली, हात शांत, ओळीमागून ओळ सरळ. जवळजवळ पूर्वीचं. तिने कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाली, ‘जमतंय की गं अजून.’

‘छान,’ मी म्हटलं. आणि आतून माझं तोंड पडलं. बहिणीचा हात थरथरायचा थांबला म्हणून तोंड पडलेली बाई जगात मी एकटीच असेन.

२६ सप्टेंबर

आज तिला दुपारच्या गोळीच्या आधी बसवलं. त्या सुमाराला सकाळच्या गोळीचा जोर संपत आलेला असतो. हवं तसं आलं.

मुद्दाम नाही केलं, मला वेळच दुपारी असतो, असं मी स्वतःला सांगितलं. वेळ मला सकाळीही असतो.

१ ऑक्टोबर

रोज दुपारी एक कागद. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला मी काही बोललेली नाही. ती आज म्हणाली, ‘लिहायचं ते गोळीनंतर लिहू द्या हं, आधी त्रास होतो त्यांना.’ मी म्हटलं, हो हो.

ताईने आज विचारलं, ‘यातलं कुठलं बरं वाटलं तुला?’ मी न विचार करता सगळ्यात थरथरलेल्या ‘क’वर बोट ठेवलं. तिने त्या ‘क’कडे बराच वेळ पाहिलं. ‘हं’ म्हणाली. त्यानंतरची सगळी ओळ आणखीच वाकडी आली. दमली असावी.

४ ऑक्टोबर

हे लिहू नये असं वाटतंय, म्हणून लिहितेय.

जोडाक्षरं तेवढी उरली होती. गोळीची वेळ झाली. मी गोळी काढून हातात घेतली आणि म्हटलं, ‘एवढी ओळ होऊ दे, मग घे.’ ती ओळ झाली. इतकी सुंदर आली, म्हणजे मला हवी तशी, की मी म्हटलं, ‘आणखी एकच.’ ताई गोळीच्या बाबतीत घड्याळाहून पक्की. मी विसरले तर टेबलावर टकटक करते. आज तिने मागितलीच नाही. विसरायला लागली बहुतेक, वयाचा परिणाम.

मग ती बाथरूमला जायला उठली आणि दारातच तिचे पाय थिजले. अंग पुढे आणि पाय जमिनीला चिकटलेले. या दुखण्यात असं होतं, गोळीला उशीर झाला की जास्त होतं, हे मला माहीत आहे. मी मागून धरलं. ‘एक पाऊल, ताई, एकच,’ म्हणत राहिले. पाऊल पडलं नाही. कपडे ओले झाले. जिने वर्गभर मुलांची नाकं पुसली ती दारात उभी, आणि मी खाली बसून तिचे पाय पुसतेय.

नवरोबांनी बाहेरून विचारलं, ‘ताईंची गोळी झाली ना?’

मी म्हटलं, ‘झाली.’

गोळी माझ्या मुठीत होती. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘झाली हो.’

५ ऑक्टोबर

लाज वाटते. सकाळी ठरवलं होतं, ते कागद फाडून टाकायचे. दुपारी त्यांचे फोटो काढून ॲपला दिले.

१५ ऑक्टोबर

फॉन्ट तयार झाला. कीबोर्डवर बोट ठेवलं की पडद्यावर ताईचा हात थरथरतो. वाक्यं पण छान सुचली: साबणावर ‘अंघोळ केलेलं भूत’, मेणबत्तीवर ‘दिवा घालवू नका, मला भीती वाटते’. बाई फोनवर खदखदून हसल्या. म्हणाल्या, ‘माल राहू द्या, नुसत्या चिठ्ठ्या विकल्या तरी खपतील.’

नवरोबांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि ताईच्या खोलीकडे नजर टाकली. ‘छान झालंय,’ एवढंच म्हणाले. जेवताना एकही विनोद नाही. पोट बिघडलंय का म्हणून विचारलं, तर तेही नाही म्हणाले.

२४ ऑक्टोबर

ताईला चिठ्ठ्या दिसू नयेत म्हणून सगळं काम माळ्यावर नेलंय. तिची काठी जिन्यापाशी वाजली की मी चिठ्ठ्यांवर कापड टाकते. जिना ती चढू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. चोराच्या मनात चांदणं.

आज ती म्हणाली, ‘बाजाराला मलाही ने. तुझं टेबल बघायचंय.’ मी गर्दीचं कारण सांगितलं, थंडीचं सांगितलं, बसायला खुर्ची नसेल म्हणून सांगितलं. ती म्हणाली, ‘खुर्ची घरून नेऊ.’

३१ ऑक्टोबर

आत्ताच आलो. ताई झोपलीय. मी ओट्यापाशी उभी राहूनच लिहितेय.

टेबलाशी झुंबड होती. लोक माल नंतर बघायचे, आधी चिठ्ठ्या वाचायचे आणि हसायचे. ताई माझ्या मागे खुर्चीवर, मांडीवर शाल. तिने एक चिठ्ठी मागून घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि परत दिली. मला वाटलं, चष्मा विसरली असेल.

एक गृहस्थ आपल्या मुलांना चिठ्ठी वाचून दाखवायला लागले. अक्षर जसं तसाच आवाज काढला त्यांनी, कापरा, आणि हातही तसाच थरथरवला. ‘मी-ई-ई चा-आ-वत ना-आ-ही.’ मुलं हसून हसून लोळायची बाकी होती. मी मागे पाहिलं. ताईचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. तिने डावा हात त्याच्यावर ठेवला आणि वरून शाल ओढून घेतली. त्या गृहस्थांनी दोन भुतं घेतली आणि मी हसून सुटे परत दिले. हसून! जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात ते खरं असतं.

तेवढ्यात एक बाई धावत आली, ‘बाई! ओळखलंत का मला?’ ताईच्या वर्गातली कधीकाळची मुलगी, आता तिच्याच कानाजवळचे केस पिकलेत. ताईचे दोन्ही हात हातात घेऊन बोलत सुटली. ‘तुमचं फळ्यावरचं अक्षर अजून डोळ्यांसमोर आहे, बाई. आम्ही हवेत बोटाने गिरवायचो ते.’ आणि बोलता बोलता तिने टेबलावरचं एक भूत उचललं. ‘अय्या, हे किती गोड! हे लिहिलंय कुणी?’

मी सुटे पैसे मोजायला घेतले.

ताई म्हणाली, ‘ही माझी धाकटी. हिचं अक्षर. लहानपणापासून असंच.’

‘मग बाई, हिला नाही शिकवलंत तुम्ही?’

‘शिकवलं गं. ऐकते कुठे!’

सगळे हसले. मीही हसले.

तिने ओळखलं नाही! किती हलकं वाटलं मला! घरी येताना मात्र रडू फुटलं. जिच्या अक्षरासाठी लोक थांबायचे, तिला आता स्वतःचं अक्षर ओळखू येत नाही, आणि मी त्यावर खूश झाले.

२ नोव्हेंबर

फळी मिळाली. बाईंचा फोन होता. वर्षभरासाठी, दर्शनी बाजूची. मात्र त्यांना वाढदिवसाच्या मेणबत्त्या हव्यात, आणि त्यावर आकडे ‘त्याच हातचे’. आकडे मी ताईकडून कधी काढून घेतलेच नव्हते. ‘बघते,’ म्हटलं.

नवरोबांनी अभिनंदन केलं आणि विचारलं, ‘आता बास ना?’ कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

बास. उद्यापासून गोळी आधी. आकडे जसे येतील तसे येतील, नाही तर राहिले. ताईला काही कळलेलं नाही, तिला कळायच्या आत मी सरळ वागायला लागणार आहे. देवाने एवढी सवलत दिलीय तर घ्यावी.

३ नोव्हेंबर

दुपारी गोळी आणि पाण्याचा पेला ताईसमोर ठेवला. वेळेच्या आधीच ठेवला.

‘कागद कुठेय?’ तिने विचारलं.

‘आज नको, ताई.’

‘आकडे हवेत ना तुला? काल फोनवर बोलत होतीस.’ तिने एका बोटाने गोळी बाजूला सारली. ‘आधी आकडे काढून घेऊ. गोळी लागू झाली की हात सरळ चालतो. मग ते तुझ्या कामाचं राहत नाही.’

मी खुर्ची ओढून बसले.

‘कधी कळलं तुला?’

‘दुसऱ्याच दिवशी. फळ्याकडे तोंड करून उभी असायचे, तरी मागे कोण काय लपवतंय ते कळायचं मला. तू तर समोर बसलेलीस.’

‘मग बोलली का नाहीस गं? गोळी तरी मागायचीस!’

ताईने पेल्यावर हात ठेवला. पेला टेबलावर खडखड वाजायला लागला, तसा तिने हात काढून घेतला. ‘शाळा सुटल्यापासून माझं अक्षर कुणी मागितलं नव्हतं, चिमे. तू रोज कागद घेऊन यायचीस. बरं वाटायचं.’ मग थोड्या वेळाने, ‘वाईटही वाटायचं. त्या दिवशी बाथरूमपाशी तर फारच. पण म्हटलं, हिचं बस्तान बसेपर्यंत चालू दे.’

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. इतक्या मोठ्याने की शेजारी ऐकू गेलं असेल, जाऊ दे. माफ कर म्हटलं. ती म्हणाली, ‘हो.’ नुसतं हो. त्यात माफ केलं की ऐकलं, ते मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. तिने गोळी घेऊन गिळेपर्यंत मी समोरून हलले नाही.

मग मला एकदम सुचलं. म्हटलं, ‘ताई, प्रत्येक चिठ्ठीवर तुझं नाव घालते. खाली बारीक, अक्षर अमकीचं म्हणून. लोकांना कळू दे कुणाचा हात आहे.’ मला किती बरं वाटलं होतं ते सुचल्यावर! आता सगळं फिटेल असं वाटलं.

ताई घाबरली. मी तिला दुखताना पाहिलंय, पडताना पाहिलंय, इतकी घाबरलेली पाहिली नव्हती. तिने माझं मनगट धरलं.

‘नको. नाव नको घालूस. माझ्या शाळेतल्या मुलांनी वाचलं तर?’

बाजारात मला वाटलं होतं, तिने ओळखलं नाही. आज क्षणभर वाटलं, तिने मला सांभाळून घेतलं. दोन्ही खोटं. आपल्या विद्यार्थिनीसमोर ते अक्षर आपलं म्हणायची तिला लाज वाटली. आणि ती लाज छापून, दोरा ओवून, गावभर वाटली मी.

‘तुझंच म्हणून सांग,’ ती म्हणाली. ‘तुझं म्हटलं की कुणी काही म्हणत नाही.’

तिने मनगट सोडलं नव्हतं तोच दुकानाच्या बाईंचा फोन आला. एकच हात मोकळा, म्हणून टेबलावरच स्पीकर लावला. आकडे जमायचे नाहीत, असं मी सांगितलं. ‘मग मेणबत्त्या राहू द्या. निम्मी फळी देते, भुतं तेवढी ठेवू,’ बाई म्हणाल्या. मी बरं म्हटलं.

‘आणखी एक विचारायचं होतं. इथे गिऱ्हाइकं सारखी विचारतात, हे लिहिलंय कुणी? तुम्ही घरीच केलंय म्हणालात, पण लिहिलंय कुणी?’

ताई माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, ‘मी.’

‘काय सुंदर हात आहे हो तुमचा!’ बाई म्हणाल्या, आणि मग बोलतच राहिल्या, एकेका अक्षराचं नाव घेऊन. ताईच्या समोर बसून मी ते सगळं कौतुक शेवटपर्यंत ऐकून घेतलं.